यहुदी आणि ख्रिस्ती उपासनेंतील आशीर्वाद



परीक्षेस निघालेलें मूल घरांतील वडील माणसांच्या पायां पडतें आणि ‘यशस्वी हो’, ‘आयुष्यवंत हो’ असे शब्द त्याच्या मस्तकावर येतात. लग्नांत वधूवरांवर अक्षता पडतात. नव्या सुनेस ‘अखंड सौभाग्यवती भव’ असें म्हटलें जातें. या सर्व प्रसंगीं आशीर्वादाची दिशा एकच असते. तो थोराकडून लहानाकडे, वरून खालीं येतो; खालून वर जातो तो नमस्कार. ही गोष्ट मराठी माणसाच्या इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं, आशीर्वाद खालून वरही जातो, माणूस देवासही आशीर्वाद देतो, असें कोणीं म्हटल्यास ती व्याकरणाची चूक वाटावी.

यहुदी लोकांच्या उपासनेंत मात्र आरंभच या ‘चुकी’नें होतो. आणि ख्रिस्ती उपासना यहुदी उपासनेच्या पोटीं जन्मलेली असल्यामुळें तिच्याही मुळाशीं तीच आहे. हा विषय केवळ दूरदेशींचा आहे असें मात्र नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलायन्स मिशनचें कार्य वऱ्हाडांत सुरू झालें आणि अकोला हें त्याचें एक मुख्य ठाणें झालें. तेव्हांपासून या भागांत दर रविवारीं मराठींत ख्रिस्ती उपासना चालत आली आहे. उपासनेच्या शेवटीं पाळकसाहेब हात वर करतात, मंडळी मस्तक लववून उभी राहते, दोन-तीन वाक्यांचा आशीर्वाद उच्चारला जातो, आणि मगच लोक बाहेर पडतात. परक्या मनुष्यास हा सभेच्या शेवटच्या आभारप्रदर्शनासारखा एक उपचार वाटतो. वस्तुतः त्या दोन-तीन वाक्यांमागें अडीच हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो मराठींतूनच समजून घ्यावयाचा असेल, तर वऱ्हाड सोडून थोडा वेळ कोंकणकिनारीं गेलें पाहिजे. कारण ज्यांची मातृभाषा मराठी आहे असे यहुदी तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहत आले.

पूर्वीच्या कुलाबा व आतांच्या रायगड जिल्ह्यांत अलिबागेजवळ नवगांव आहे. तेथें गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या किनाऱ्यास लागल्या, आणि आपण त्यांचे वंशज आहों, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरागत कथा आहे. त्यांनीं तेल गाळण्याचा धंदा पत्करला. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत म्हणून गांवकरी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणूं लागले. किहीमचे ते किहीमकर झाले, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. ग्रंथ गेले, हिब्रू भाषा विसरली. शिल्लक राहिलें तें थोडें: शनिवारचा विसावा, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे कांहीं निर्बंध, आणि देव एकच आहे असें सांगणारें ‘शेमा’ नांवाचें हिब्रू वचन. जन्म असो, लग्न असो, मरण असो, तेंच एक वचन ते म्हणत. एका समाजाची सारी पूजा आणि सारे आशीर्वाद कित्येक पिढ्या एवढ्याशा शब्दांत मावले होते, ही गोष्ट मनांत आणली म्हणजे विस्मय वाटतो.

पुढें अठराव्या शतकांत कोचीनच्या यहुद्यांशीं त्यांचा संबंध जडला आणि शिक्षक आले. १७९६ सालीं समाजी हसाजी दिवेकर यांनीं मुंबईस ‘शाआर हारहमीम’, म्हणजे ‘दयेचें द्वार’, हें बेने इस्राएलांचें पहिलें प्रार्थनामंदिर स्थापिलें. १८३२ सालीं जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानें मराठींतून हिब्रू व्याकरणाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. आणि शतकाच्या उत्तरार्धांत जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनीं हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठींत आणले. ख्रिस्ती धर्मोपदेशकानें यहुद्यांस त्यांचीच विसरलेली भाषा मराठींतून शिकवावी, हा योग गमतीचाच म्हटला पाहिजे. विल्सनसाहेबांचा हेतु अर्थातच निराळा होता. फळ असें आलें कीं, बेने इस्राएल अधिक पक्के यहुदी झाले.

आशीर्वादास हिब्रूंत ‘बेराखा’ म्हणतात. ‘गुडघा’ या अर्थाचा शब्दही त्याच अक्षरांचा आहे, म्हणून गुडघे टेकण्याशीं पुष्कळ जण त्याचा संबंध जोडतात. देव माणसास सुख व भरभराट देतो ती बेराखा, आणि माणूस देवाची थोरवी उच्चारतो तीही बेराखाच. येथें मराठी भाषांतरकारांची अडचण झाली. देव अब्राहामास काय देतो हें सांगतांना त्यांनीं ‘आशीर्वाद’ लिहिलें. पण स्तोत्रकर्ता देवाविषयीं तेंच क्रियापद वापरतो तेथें ‘धन्यवाद’, ‘धन्यवादित’ असे शब्द योजिले. देवास आशीर्वाद देणें मराठी कानास रुचणार नाहीं हें त्यांनीं ओळखलें, आणि ही निवड समंजसपणाची होती यांत शंका नाहीं. तथापि तिच्यामुळें एक हानि झाली. मुळांत जो एकच शब्द स्वर्ग आणि पृथ्वी यांमध्यें येरझारा घालतो, त्याचे मराठींत दोन शब्द झाले, आणि ती येरझार वाचकाच्या दृष्टीआड गेली. डोंगरावरील प्रवचनांत ‘धन्य’ हा शब्द वारंवार येतो, तो या दोहोंहून निराळा. त्याचें मूळ बेराखा या शब्दांत नाहीं.

यहुदी माणसाची रोजची बेराखा ठराविक सांच्याची असते. आरंभीं देवास ‘तूं’ म्हणून संबोधन, तो विश्वाचा राजा आहे असा उच्चार, आणि मग समोर जी वस्तु आहे तिचा निर्माता म्हणून त्याची थोरवी. भाकरीस एक, द्राक्षरसास दुसरी, झाडाच्या फळास तिसरी, भूमीतून आलेल्या भाजीपाल्यास चौथी. वीज चमकली, मेघ गडगडले, इंद्रधनुष्य उमटलें, नवें वस्त्र अंगावर घातलें, तरी प्रत्येकास वेगळी बेराखा आहे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या धर्मशास्त्राचा पहिलाच भाग या विषयास वाहिलेला आहे. आणि दिवसाकाठीं शंभर बेराखा व्हाव्यात असा दंडकही शास्त्रकारांनीं घालून ठेवला. दुकानदारानें रोजकीर्द लिहावी तसा हा प्रकार प्रथमदर्शनीं वाटतो. परंतु त्यामागील विचार साधा आहे. जग देवाच्या मालकीचें आहे. त्याचें नांव न घेतां उचललेला घांस हा चोरीचा घांस होय. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत यज्ञाच्या संदर्भांत चोराचा हाच दृष्टांत आला आहे, हें श्रोत्यांस स्मरेल. बेराखा म्हणून वस्तूंत कांहीं शक्ति येते किंवा ती वस्तु पवित्र होते, असें येथें मानलेलें नाहीं. भाकरी होती तशीच राहते. ती हातीं घेणारा मात्र मालकाचा पाहुणा होतो. आणि पाहुण्यानें यजमानाचें नांव उगाच घोकूं नये, म्हणून प्रसंगावांचून उच्चारलेली बेराखा हा दोषच मानलेला आहे.

कोंकणांत या नियमांस जें रूप आलें तें पाहण्यासारखें आहे. बेने इस्राएलांचा ‘मलिदा’ नांवाचा एक विधि आहे. गोड पोहे, ओलें खोबरें, वेलची, नाना प्रकारचीं फळें आणि सुवासिक फुलें किंवा पाला एका ताटांत मांडून एलियाहू हन्नाबी, म्हणजे बायबलांतील एलीया प्रवक्ता, याच्या नांवानें प्रार्थना म्हणतात. लग्न, सुंता, नवें घर, फेडावयाचा नवस, अशा प्रसंगीं हा विधि होतो. अलिबागेजवळ खंडाळें गांवीं एलियाहू प्रकट होऊन त्याचा रथ वर गेला, त्याच्या खुणा खडकावर आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. ताटाकडे पाहिलें तर तें आपल्याकडील सत्यनारायणाच्या प्रसादाहून फारसें वेगळें दिसत नाहीं. पण त्यावरील बेराखा पूर्णपणें यहुदी शास्त्राच्या. नारळ आणि सफरचंद हीं झाडाचीं फळें; केळें मात्र त्यांत बसत नाहीं. केळीचें खोड दर खेपेस मरतें आणि नवा कोंब जमिनीतून येतो, म्हणून शास्त्रकार केळ्यास भूमीचें फळ मानतात आणि त्याची बेराखा निराळी म्हणतात. ज्या शास्त्रकारांनीं हा वाद घातला त्यांच्या नियमानें वसईचें केळें तोलावें, आणि तें तोलतांना घरांत बोलणें चालावें तें मराठींत! शब्बाथाच्या संध्याकाळीं द्राक्षरसावर बेराखा म्हणावयाची, तर कोंकणांत द्राक्षें कोठून येणार? म्हणून मनुका भिजत घालून त्यांचा रस काढीत, आणि शास्त्रासही तो मान्य आहे.

हें सर्व सुखाच्या वस्तूंविषयीं झालें. बेराखेची खरी कसोटी दुःखाच्या वेळीं लागते. मिश्नाकारांचें म्हणणें असें कीं, चांगल्याबद्दल जशी बेराखा म्हणावयाची तशीच वाइटाबद्दलही म्हटली पाहिजे. सुवार्ता आली तर देव भला आहे असें म्हणावें; मृत्यूची वार्ता आली तर देव हा खरा न्यायाधीश आहे असें म्हणावें. बाप वारल्याची बातमी ज्याच्या कानीं आतांच पडली, त्याला हें वाक्य उच्चारावयास सांगणें म्हणजे निष्ठुरपणाच नव्हे काय, असें कोणासही वाटेल. त्याचें उत्तर शब्दांच्या निवडींत सांपडतें. मृत्यु चांगला आहे, जें झालें तें बऱ्याकरितांच झालें, असें त्या माणसाकडून वदवून घेतलेलें नाहीं. रडणेंही त्यास वर्ज्य नाहीं. उलट अंगावरचें वस्त्र फाडणें आणि सात दिवस खालीं बसून शोक करणें हें त्याच धर्मानें लावून दिलेलें आहे. त्याच्याकडून मागितलें आहे तें इतकेंच कीं, सुखाच्या दिवसांत ज्याच्याशीं बोलत होतास त्याच्याशीं बोलणें आज तोडूं नकोस. मृतासाठीं म्हणतात त्या ‘कद्दीश’ प्रार्थनेचेंही असेंच आहे. तींत मृत्यूचा शब्द देखील नाहीं. आहे ती सबंध देवनामाची थोरवी. दुष्काळांत घर धुळीस मिळाल्यावर तुकोबांनीं त्याबद्दल देवाचे उपकार मानले, त्याची आठवण येथें मराठी मनुष्यास झाल्यावांचून राहणार नाहीं. मात्र तुकोबा हा लाखांत एक. यहुदी शास्त्रानें तेंच वाक्य किराणा विकणाऱ्या सामान्य माणसाच्याही तोंडीं घातलें, हा धाडसाचा भाग आहे.

आतां वरून खालीं येणारा आशीर्वाद. उत्पत्तीच्या ग्रंथांत आंधळा झालेला म्हातारा इसहाक आपला थोरला मुलगा एसाव यास आशीर्वाद देऊं पाहतो, आणि धाकटा याकोब कपटानें तो आपल्या मस्तकावर घेतो. एसाव परत येतो, मोठ्यानें आक्रोश करतो. पण बापास दिलेला शब्द परत घेतां येत नाहीं. आधुनिक वाचकास हें चमत्कारिक वाटतें. फसवून घेतलेलें दान कोर्टांत रद्द होतें, मग आशीर्वाद कां होऊं नये? दशरथाचे कैकेयीस दिलेले वर ज्यांनीं लहानपणापासून ऐकले आहेत त्यांस हें कोडें तितकें अवघड वाटणार नाहीं. प्राचीनांच्या दृष्टीनें बोललेला शब्द ही एक घडलेली गोष्ट होती. पुढें म्हातारपणीं याकोबही नातवंडांच्या मस्तकांवर हात ठेवतो, तेव्हां मुद्दाम हात उलटेसुलटे करून धाकट्या एफ्राईमावर उजवा ठेवतो. त्या नातवंडांचीं नांवें घेऊन यहुदी बाप आजही शुक्रवारच्या संध्याकाळीं मुलग्यांस आशीर्वाद देतो. मुलींस सारा, रिबका, राहेल व लेआ यांचीं नांवें घेऊन.

परंतु साऱ्या मंडळीस द्यावयाचा आशीर्वाद बापाच्या हातीं नव्हता. तो अहरोनाच्या वंशांतील याजकांकडे, म्हणजे कोहेन घराण्यांकडे होता. गणना ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत तो आहे. हिब्रूंत अवघे पंधरा शब्द: पहिल्या ओळींत तीन, दुसरींत पांच, तिसरींत सात. पायरी-पायरीनें तो वाढत जातो. रक्षण, मग प्रसन्न मुखाचा प्रकाश आणि कृपा, मग शांति. १९७९ सालीं यरुशलेमेजवळ केतेफ हिन्नोम येथील जुन्या थडग्यांत चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन लहान गुंडाळ्या सांपडल्या. त्या उलगडल्यावर त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले दिसले. त्यांचा काळ ख्रिस्तपूर्व सातव्या-सहाव्या शतकाचा धरतात. त्या गळ्यांत घालण्याच्या ताइतांसारख्या वस्तु होत्या. शब्दांपेक्षां ताइतावर भरंवसा ठेवण्याची माणसाची खोड किती जुनी आहे, हेंही त्यावरून कळतें!

कोहेन हा आशीर्वाद देतांना पायांतील जोडे काढतो. लेवी वंशांतील लोक त्याच्या हातांवर पाणी घालतात. प्रार्थनेची शाल तो डोक्यावरून पुढें ओढून घेतो, आणि त्या शालीखालीं बोटें विशिष्ट तऱ्हेनें फांकवून हात उचलतो. मंडळीनें त्याच्याकडे पाहावयाचें नसतें. मंडळीशीं ज्याचें वैर आहे अशा कोहेनानें त्या दिवशीं पुढें येऊंच नये, असें सांगितलें आहे. कारण आशीर्वाद प्रेमानें द्यावयाचा अशी आज्ञा आहे. या साऱ्या व्यवस्थेचा रोख एकाच गोष्टीकडे दिसतो. देणाऱ्याचें तोंड झांकलेलें, त्याच्याकडे कोणाची दृष्टि नाहीं, शब्दही त्याचे स्वतःचे नाहींत. आणि ग्रंथांत त्या पंधरा शब्दांच्या पाठोपाठ असा खुलासा येतो कीं, याजकांनीं केवळ देवाचें नांव लोकांवर ठेवावयाचें. आशीर्वाद देणारा देव स्वतः आहे. आणखी एक बारीक गोष्ट: समोर हजारों लोक असले तरी मूळ हिब्रूंत ‘तुम्हांस’ असें म्हटलेलें नाहीं, ‘तुला’ असें म्हटलें आहे.

बेने इस्राएलांत परंपरेनें कोहेन घराणींच नाहींत. मग हा आशीर्वाद द्यावयाचा कोणीं? जेथें कोहेन नसेल तेथें प्रार्थना चालविणारा हज्जान तेच शब्द म्हणतो, पण आशीर्वाद म्हणून नव्हे. तूं अहरोनाच्या मुखानें जो आशीर्वाद सांगितलास त्यानें आम्हांस आशीर्वादित कर, अशा अर्थाची ती विनंति होते. तो हात उचलीत नाहीं. मंडळीकडे तोंडही करीत नाहीं. तो त्यांच्यांतलाच एक होऊन मागतो. याच्या जोडीला बेने इस्राएलांत ‘हातबोशी’ नांवाची एक सुंदर चाल आहे. प्रार्थनामंदिरांत एकानें दुसऱ्याचे हात हातांत घ्यावयाचे आणि मग आपल्याच बोटांचें चुंबन घ्यावयाचें. वडीलधाऱ्यांपासून आरंभ होऊन ती शांति एकाकडून दुसऱ्याकडे साऱ्या मंदिरभर फिरते. ज्या मंडळींत याजक नाहीं, तिनें हातांचा उपयोग अशा प्रकारें शोधून काढला असें म्हटल्यास तें अगदींच चुकीचें होणार नाहीं.

ख्रिस्ती उपासनेंत हे दोन्हीं प्रवाह उतरले. येशूनें अखेरच्या भोजनाच्या वेळीं भाकर हातीं घेऊन आशीर्वाद उच्चारला, असें शुभवर्तमानांत आहे. मराठी वाचक समजतो कीं भाकरीस आशीर्वाद दिला. यहुदी रीति लक्षांत घेतली म्हणजे उलगडतें कीं, तो भाकरीबद्दल देवास दिलेला असणार. म्हणूनच त्या प्रसंगीं मार्क ‘आशीर्वाद’ या अर्थाचें ग्रीक क्रियापद वापरतो, आणि पौल ‘उपकार मानणें’ या अर्थाचें. दोघांत विरोध नाहीं. एकाच बेराखेचीं तीं दोन भाषांतरें आहेत. पुढें शतकानुशतकें हा अर्थ मंदावला, आणि पाणी, मीठ, मेणबत्ती, शेत, होडी यांवर आशीर्वाद म्हणून त्या वस्तु वेगळ्या काढण्याची रीत रोमन कॅथॉलिक चर्चमध्यें वाढली. गोव्यांत सासष्टींतील राय गांवीं ५ ऑगस्टला नव्या भाताच्या कणसांचा आशीर्वाद होतो. त्यास ‘कणसाचें फेस्त’ म्हणतात. आपल्याकडे दसऱ्यास किंवा नवान्नास कणसें दारावर बांधतात, त्याच जातीचा हा उत्सव. रोमन चर्चनें १९६९ सालीं आपली मुख्य उपासना नव्यानें मांडली, तेव्हां भाकर व द्राक्षरस अर्पण करण्याच्या प्रार्थना यहुदी बेराखेच्या धर्तीवर रचल्या. आणि १९८४ सालच्या आशीर्वादांच्या ग्रंथांत वस्तूच्या आधीं देवाच्या स्तुतीस जागा दिली. सुमारें दोन हजार वर्षांनीं लेकीनें आईच्या घरची रीत पुन्हां उचलली, असेंच हें झालें.

गोव्याच्या ख्रिस्ती घरांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मंदिरांतील विधींपेक्षां अधिक टिकाऊ ठरावी. सायंप्रार्थना झाली कीं मुलें आईबापांजवळ, आजाआजीजवळ जाऊन ‘बेसांव’ मागतात. शब्द पोर्तुगीज आहे. कृति आपल्या नमस्काराची सख्खी बहीण. मात्र देणारा माणूस ‘देव तुला आशीर्वाद देवो’ अशा अर्थाचें बोलतो. ‘मी देतों’ असें म्हणत नाहीं.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीं वस्तूंवरील आशीर्वाद बहुतेक सोडून दिले. अहरोनाचा आशीर्वाद मात्र त्यांनीं घट्ट धरला. ल्यूथरनें १५२६ सालीं जर्मन भाषेंतील उपासनेची मांडणी केली तींत शेवटीं हाच ठेवला. तेथून तो मिशनांच्या हातीं आला, आणि वऱ्हाडांतील रविवारच्या उपासनेंत जो कानीं पडतो तो पुष्कळदां हाच असतो. कधीं त्याच्या जागीं पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटचा आशीर्वाद येतो: ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीति, पवित्र आत्म्याची संगति. येथें एक सर्वनाम लक्षांत ठेवण्यासारखें आहे. दीक्षा झालेला पाळक हात उचलून ‘तुम्हांबरोबर’ म्हणतो. पाळक गांवाला गेलेला असेल आणि मंडळींतील एखादा वडील उपासना चालवीत असेल, तर पुष्कळ मंडळ्यांत तो हात खालीं ठेवून ‘आम्हांबरोबर’ म्हणतो. पौलाच्या पत्रांत ‘तुम्हां सर्वांबरोबर’ आहे. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकानें तें ‘आम्हां सर्वांबरोबर’ असें करून घेतलें. कोंकणांतील हज्जान कोहेनाच्या अभावीं जें करतो, तेंच हा वडील पाळकाच्या अभावीं करतो.

पण येथें प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ यहुदी-ख्रिस्ती लोकांपुरता नाहीं. कोणाच्या तोंडून आशीर्वाद यावा आणि कोणाच्या तोंडून येऊं नये, हें माणसांनीं पूर्वींपासून ठरवून ठेवलें आहे. कोहेन पाहिजे, दीक्षा पाहिजे, पुरुष पाहिजे. आपल्या समाजांत तर सवाष्ण पाहिजे. लग्नाच्या घरीं औक्षणाचें तबक विधवेच्या हातीं देत नसत. शुभकार्याच्या वेळीं तिनें समोरही येऊं नये अशी उच्चवर्णीयांची चाल होती. जिनें मूल वाढविलें त्या आईनें पति गेल्यावर त्याच मुलाच्या बोहल्यापासून दूर कोपऱ्यांत बसावें! देवाचें नांव लोकांवर ठेवण्याचें काम ज्यांनीं आपल्याकडे घेतलें, त्यांनीं तें कोणाकोणापासून लपवून ठेवलें, याचा हिशेब कोणत्याच धर्मास सुखाचा नाहीं. नव्या करारांत येशू मुलांस जवळ घेऊन त्यांवर हात ठेवतो, आणि छळ करणाऱ्यांसही आशीर्वाद द्या असें पौल रोमकरांस लिहितो; तेथें आशीर्वाद देण्याचें काम सर्वसामान्य ख्रिस्ती माणसाकडे सोंपविलेलें आहे. तरीही पुढें चर्चनें तें पुष्कळसें याजकाच्या हातीं परत दिलें.

पंडिता रमाबाई १८८२ सालीं विधवा झाल्या. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें आणि पुढें पुण्याजवळ केडगांवीं मुक्तिसदन उभारलें. समाजानें ज्यांचें दर्शनही अशुभ ठरविलें होतें अशा शेंकडों स्त्रिया तेथें आल्या. रमाबाई उतारवयांत हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल मूळ भाषांवरून साध्या मराठींत उतरविण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें. केडगांवीं त्यांचा स्वतःचा छापखाना होता. तेथें खिळे जुळविण्याचें आणि छापण्याचें काम सदनांतील स्त्रिया करीत. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या, आणि १९२४ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. गणना ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांतील अहरोनाचा आशीर्वाद त्यांत आहेच. तो मराठींत आणला एका विधवेनें.